गोधडीसाठी साडी देताय? आधी कात्री बाजूला ठेवा

आम्ही जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतो. पूर्वी आमच्याकडे घडी घातलेल्या साड्या यायच्या. आता बऱ्याच पिशव्यांतून तुकडे निघतात. चौकोनी, त्रिकोणी, कधी षटकोनी, पुठ्ठ्याचा नमुना धरून कापलेले, रबर लावून गठ्ठे केलेले. सोबत चिठ्ठी असते, "तुमचं काम सोपं व्हावं म्हणून कापूनच पाठवतेय." त्यामागची आपुलकी कळते. पण काम सोपं होत नाही, दुपटीनं वाढतं, आणि पुष्कळदा गोधडी हवी तेवढी भरतच नाही. प्रत्येकीला फोनवर वेगळं समजावण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हा कागद.

गोधडी कशी शिवतात ते इथे सांगत बसत नाही. तुमच्यातल्या निम्म्याजणींनी लहानपणी आजीला सुईत दोरा ओवून दिलेला असणार.

तुकड्यांचं गणित

साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच. एका माणसाच्या गोधडीची लांबी 72 इंच धरू. घरी हिशेब असा होतो: चार इंचांचे चौकोन, आडवे अकरा, उभे अठरा, म्हणजे 198 तुकडे, झाली गोधडी. पण शिवताना प्रत्येक तुकड्याची चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, आत जाते. चार इंचांचा चौकोन वरून साडेतीनच इंच दिसतो. अकरा तुकडे जोडल्यावर रुंदी साडेअडतीस इंच आणि अठरा जोडल्यावर लांबी त्रेसष्ट इंच भरते. सहा फुटांची म्हणून मागितलेली गोधडी सव्वापाच फुटांची झाली. मग आम्ही फोन करतो, "आणखी तुकडे आहेत का?" आणि उत्तर येतं, "उरलेल्या साडीची पायपुसणी केली."

हे झालं नीट कापलेल्या तुकड्यांचं. जे त्रिकोण धागा न बघता कापलेले असतात, त्यांची एक बाजू तरी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, जाते. उरेब कापड ताणलं की लांबतं, सोडलं तरी पुरतं मागे येत नाही. असे दोन त्रिकोण जोडले की चौकोनाला पोट येतं. एका ओळीत पाच चौकोनांना पोट आलं की ती ओळ जमिनीवर सपाट बसत नाही. मग एकच उपाय उरतो, सगळे तुकडे पुन्हा सरळ धाग्यावर कापायचे, म्हणजे आणखी लहान करायचे. आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. शिवण्यात नाही, कापलेलं पुन्हा कापण्यात.

तिसरी गोष्ट जरा जीव हळहळणारी. साडी कापताना हात आपोआप चांगल्या दिसणाऱ्या भागाकडे जातो. पदर आणि काठ कापून ठेवले जातात, विरलेला मधला भाग टाकून दिला जातो. आम्हाला तो विरलेला भाग हवा असतो. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड गोधडीच्या पोटात घालायला सगळ्यात उत्तम. वरून आणि खालून धड कापड, मध्ये विरलेलं, आणि तिन्हींतून आरपार गेलेला टाका. मग ते विरलेलं कापडही आणखी बरीच वर्षं टिकतं. मात्र ते अख्खं पसरलेलं हवं. पोटात सुटे तुकडे घातले तर दोन-तीन धुण्यांत सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात.

अख्खी साडी आली की आम्ही काय करतो

आमच्याकडे हे काम तिघींचं आहे. सासूबाई साडी खिडकीसमोर उजेडात धरतात आणि कुठे विरली आहे, कुठे रफू आहे, कुठे हळदीचा डाग आहे, तिथे खडूनं खूण करतात. टाचेजवळची बाजू आणि निऱ्यांचा भाग बहुतेक आधी जातो. मग मुलगी चौकटीच्या कागदावर नक्षी मांडते. सहावारी साडी म्हणजे 216 इंच, तिच्यात 72 इंचांचे बरोबर तीन थर बसतात. नऊवारी 324 इंच, तिच्यात चार थर आणि वर अर्धा. काठ मध्ये घ्यायचा की कडेनं फिरवायचा, पदराचा चौकोन छातीवर येईल की पायाशी, हे कापण्याआधी कागदावर ठरतं. कागद तुम्हाला फोनवर पाठवतो, तुम्ही हो म्हटल्यावरच कात्री लागते.

तुम्हाला नक्षी स्वतः काढायची असेल तर फारच छान. घराघरांतून मुली, आत्या, आज्या किती सुंदर आखून पाठवतात हे आम्ही रोज बघतो. फक्त ती कागदावर काढा, कापडावर नको. रंगीत पेन्सिलीनं काढलेला साधा चौकोनी कागद आम्हाला पुरतो. माया, धागा, विरलेले भाग हे सगळं सांभाळून तीच नक्षी आम्ही साडीवर बसवून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तुकडे आधीच कापून झाले असतील तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचे उशीचे अभ्रे, बसायची आसनं, तोरण किंवा बाळाच्या दुपट्याचा वरचा थर होऊ शकतो. मोठी गोधडीच हवी असेल तर खालचं आणि पोटातलं कापड आमचं घ्यावं लागेल आणि तुकडे जोडण्याची मजुरी वेगळी पडेल. ही मजुरी ऐकून काहीजणी नाराज होतात. पण 198 तुकडे सरळ करून जोडणं हे गोधडी शिवण्याच्या आधीचं एक स्वतंत्र काम आहे, ते फुकट कसं होणार?

आजीची एक साडी आणि चार नातवंडं

हा प्रश्न फार येतो, आणि भांडणंही याच्यावरूनच होतात. घरी वाटणी करताना साडीचे आडवे चार भाग केले जातात. मग पदर एकाकडे जातो आणि तिघांना नुसतं अंग. काठ साडीच्या पूर्ण लांबीला दोन्ही बाजूंनी असतो, त्यामुळे तो कसाही कापला तरी सगळ्यांच्या वाट्याला येतो. पदराचं तसं नाही. तो एकाच टोकाला. म्हणून पदर आधी वेगळा करून त्याच्या लांबीत उभ्या चार पट्ट्या करायच्या. 45 इंचांच्या पन्ह्यातून प्रत्येकाला सव्वाअकरा इंचांची पट्टी येते, तेवढी गोधडीच्या मध्यभागी छान उठून दिसते. उरलेल्या अंगाचे चार सारखे भाग. खालचे थर दुसऱ्या सुती साड्यांचे घेतले की एका नऊवारीतून चार पांघरुणं होतात, आणि चारही सारखी दिसतात. कोणाला आधी निवडायला द्यायचं हा वाद राहत नाही.

इरकल असेल तर आम्हाला आवर्जून सांगा. तिचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. तो वेगळा आकसतो आणि लाल रंग सोडण्याची भीती असते. आम्ही तो तपासल्याशिवाय वापरत नाही.

रंग आणि कापड

रंग जातो का हे घरीच बघता येतं. पांढरा सुती रुमाल ओला करून साडीच्या गडद भागावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा. रुमालावर डाग आला तर ती साडी वेगळ्या पिशवीत द्या. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका. हल्लीचे बहुतेक रंग मिठानं बसत नाहीत.

जॉर्जेट, शिफॉन आणि टेरिकॉट सुतीबरोबर घालत नाही. सुती आकसतं, ते आकसत नाही, आणि त्यातून फुगे येतात. पैठणीची गोधडी करा असं कोणी म्हटलं तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. जरीची तार अंगाला टोचते, आणि गोधडी धुवावी लागते, पैठणी धुवायची वस्तू नाही. तिच्या पदराची चौकट करून भिंतीवर लावा किंवा उशी करा, दोन्ही आम्ही करतो.

साडी साध्या साबणानं धुऊन, वाळवून, खळ न घालता द्या. खळ असली की सुई अडते आणि पुढे कसर लागते. फॉल तसाच राहू द्या, तो आम्ही उसवतो. घरी ओढून काढताना काठाजवळ फाटतं.

बाळंतविड्यासाठी

दुपटी, कुंची, झबली-टोपडी असा पूर्ण बाळंतविडा आम्ही जुन्या सुती साडीतून करून देतो. 36 इंच लांबीचं दोन पदरी दुपटं धरलं तर एका सहावारीत तीन दुपटी बसतात. तळहाताएवढे तुकडे मात्र इथे अजिबात नकोत. जितके सांधे जास्त, तितकं दुपटं खरखरीत.

कृपा करून एक पाळा. बाळासाठीच्या साड्या डांबरगोळ्यांत ठेवलेल्या नसाव्यात. गोळ्यांतल्या नॅप्थॅलीननं काही तान्ह्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते, त्यामुळे अशा कपाटातले कपडे तान्ह्याला घालू नका असं डॉक्टर सांगतात. त्या वासाची साडी आली तर आम्ही बाळाच्या वस्तूंसाठी ती वापरत नाही, परत देतो. याबाबत आग्रह करू नका. कपाटात ठेवायला कडुलिंबाचा सुका पाला चांगला.

नातवंड अमेरिकेत असेल तर आणखी एक. तिकडचे बालरोगतज्ज्ञ बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना पाळण्यात सैल पांघरूण ठेवू देत नाहीत. तुम्ही हौसेनं पाठवलेली गोधडी सून कपाटात ठेवते आणि तुम्हाला वाटतं तिला आवडली नाही. त्यासाठी आम्ही जमिनीवर अंथरायची, बाळाला पालथं खेळवायची चौकोनी गोधडी करतो. तीन पदरी, पटकन वाळणारी, बॅगेत कमी जागा घेणारी. तीच पाठवा.

घरच्यांच्या हातचे टाके

काहीजणींना विकत घेतलेली नाही, घरात केलेली भेट द्यायची असते. त्यांच्यासाठी आम्ही 'अर्धी गोधडी' देतो. थर लावून, कच्चे टाके घालून, धावदोऱ्याच्या ओळी खडूनं आखून देतो. कडा शिवलेल्या असतात, आतल्या ओळी तुम्ही घालायच्या. घरातल्या प्रत्येकानं एक ओळ घातली तरी छान होते. आजोबांची ओळ वाकडी जाते आणि मुलांचे टाके लांब येतात, ते उसवून नीट करू नका, आम्हीही करत नाही. फक्त बाळाच्या गोधडीवर अर्ध्या इंचापेक्षा लांब टाका नको, त्यात बाळाचं बोट अडकतं. दोरा आम्ही दिलेलाच वापरा. बाजारचा पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, आणि म्हणूनच जुनं सुती कापड त्यानं चिरतं.

सुरकुत्या, मशीन आणि दर

पहिल्या धुण्यानंतर गोधडीवर बारीक सुरकुत्या येतात. तो दोष नाही. हाताच्या धावदोऱ्यानं शिवलेलं कापड थोडं आवळतं, आणि त्या सुरकुत्यांत हवा राहते म्हणून गोधडी ऊबदार होते. सपाट, इस्त्री केल्यासारखी हवी असेल तर मशीनची रजई घ्या, ती आमच्यापेक्षा स्वस्त मिळेल आणि लवकरही. आम्ही मशीन फक्त तुकडे जोडायला वापरतो. थरांवरचा टाका हातानंच असतो, कडेपासून सुरू होऊन चौकोन-चौकोन आत येणारा. दर त्या हाताच्या कामाचा आहे. साडीची किंमत आम्ही कधी लावत नाही, आणि तुमची साडी जास्त भारी म्हणून दरही वाढवत नाही.

कधी द्यायची

श्रावणात आणि भाद्रपदात आमच्याकडे, कोल्हापुरात, ऊन मिळत नाही, आणि आम्ही ओलसर कापडावर शिवत नाही. नवरात्राआधी घराघरांत अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तेव्हा सगळ्यांना एकदम जुन्या साड्या सापडतात, आणि दिवाळीची भेट म्हणून गोधडी हवी असते. ते जमत नाही. दिवाळीला हवी असेल तर साडी ज्येष्ठात, पाऊस धरायच्या आत आणून द्या. बारशासाठी हवी असेल तर डोहाळजेवण झालं की लगेच, बाराव्या दिवसाची वाट बघत नका बसू.

पिशवीत एक चिठ्ठी घाला: साडी कोणाची, गोधडी कोणासाठी, आणि कुठला भाग वर दिसायलाच हवा. एवढं पुरतं. उरलेलं कापड, बोटभर रुंदीची पट्टीसुद्धा, गोधडीबरोबर परत येतं. नको असेल तर चिठ्ठीत तसं लिहा, सासूबाई त्याच्या बाहुल्या करतात.