दुखणं कुणाचं मोजलं जातं? कर्करोगातील आधार-उपचारांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या वारज्यात, मुंबई-बंगळुरू महामार्गालगत, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ साली सुरू झालं. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, सोबत घरचं माणूस राहू द्यायचं, आणि आजार बरा होणारा नसला तरी दुखणं, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी यांवर इलाज करायचा, अशी तिथली पद्धत. पण नेमकं त्याच सुमारास या इलाजातलं सर्वांत भरवशाचं औषध देशातून जवळजवळ नाहीसं झालं होतं. १९८५ ते १९९७ या काळात भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला.

कारण १९८५चा अंमली पदार्थविरोधी कायदा. त्याने औषध म्हणून मॉर्फिन वापरायला बंदी घातली नव्हती. पण साठा ठेवायचा तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि चूक झाली तर कठोर शिक्षेची टांगती तलवार. दुकानदारांनी आणि अनेक रुग्णालयांनी सोपा मार्ग काढला: ठेवायचंच नाही. आणि हे अशा देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, जिच्यापासून मॉर्फिन बनते ती अफू सरकारी परवान्याने पिकते आणि परदेशी औषध कारखान्यांना विकली जाते! २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा मान्यताप्राप्त संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच परवानगीवर काम भागू लागलं. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना मात्र मॉर्फिन लिहून द्यायची सवयच लागली नाही, आणि दुरुस्तीने ती आपोआप लागली असंही नाही.

औषध असूनही ते सर्वांना सारखं मिळतं का, हा प्रश्न अमेरिकेत आकड्यांनी पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी दिली होती: साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत. चार्ल्स क्लीलँड यांच्या गटाने १९९४ मध्ये शरीरात कर्करोग पसरलेल्या १,३०८ बाह्यरुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना वेदना होत्या त्यांच्यातल्या ४२ टक्क्यांना पुरेसं औषध मिळत नव्हतं, आणि प्रामुख्याने अल्पसंख्याक समाजाचे रुग्ण येणाऱ्या केंद्रांत ही उणीव राहण्याची शक्यता तिप्पट होती. २००० साली शॉन मॉरिसन यांनी न्यूयॉर्कमधली औषध दुकानं तपासली. गोऱ्यांच्या वस्त्यांत ७२ टक्के दुकानांत मॉर्फिनसारख्या औषधांचा पुरेसा साठा होता, बिगरगोऱ्या वस्त्यांत फक्त २५ टक्के. म्हणजे डॉक्टरने चिठ्ठी बरोबर लिहिली तरी कोपऱ्यावरचा दुकानदार ‘आमच्याकडे नसतं’ म्हणणार. पुण्यात पेठेतल्या दुकानापासून हडपसरपर्यंत फिरलेल्यांना हे उत्तर नवं नाही. कारणं तेवढी वेगळी.

पुढचं वळण २०१०चं. बॉस्टनमध्ये जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ जणांचा अभ्यास केला. निदानापाठोपाठ पॅलिएटिव्ह सेवा मिळालेल्या गटाला शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घ्यावे लागले, तरी ते जास्त जगले: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ८.९. ‘आता काही उरलं नाही’ म्हणून पाठवायची ही सेवा नाही, एवढं तरी त्यानंतर ठामपणे म्हणता आलं. मग न्यूयॉर्कमध्ये ईथन बॅश यांनी केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना त्रासाच्या नोंदी स्वतःच संगणकावर करायला लावल्या. संगणकाची सवय नसलेल्यांना त्याचा फायदा अधिक झाला, ही त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब. एरवी ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांना विचारलं गेलं.

आपल्याकडे हाच प्रयोग करायचा तर आधी विचारायचं कुणाला, हे ठरवावं लागतं. ओपीडीत आईला ‘दुखतंय का?’ म्हटलं की उत्तर मुलगा देतो. आई ‘बरंय’ म्हणते. आजाराचं नावच तिला सांगितलेलं नसतं, तर प्रश्नावलीत ते छापायचं कसं? सोलापूर, बीड, लातूरहून पुण्याला येणाऱ्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन मिळू शकतं. सोबत्याची बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत ताप आला तर परत यायचं की नाही, हे बऱ्याचदा त्या मजुरीवर ठरतं.

धोरणं झाली आहेत. केरळने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने त्यानंतर पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं; राष्ट्रीय कार्यक्रम २०१२चा. केरळात त्याआधीच कोझिकोडच्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाण्याची व्यवस्था उभी केली होती, धोरण तिच्या मागून आलं. आपल्याकडे क्रम उलटा राहिला. २०१८पासून आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांतही ही सेवा आहे. पण पुण्यात १९७०च्या दशकापासून चालत आलेली कर्करोग नोंदणी रुग्ण आणि मृत्यू मोजते, वेदना नाही. त्यामुळे वारज्यातून किंवा ससूनमधून गोळ्यांची पिशवी घेऊन गावी गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्याची मॉर्फिन तालुक्याला मिळाली का, हे त्या नोंदीतून कळायची सोय नाही.