टॅप पाव फेरा मागे का घ्यायचा?

परवा भाचा मोडका टॅप, म्हणजे भोकात बोल्टसाठी आटे कापायचं हत्यार, हातात घेऊनच घरी आला. माइल्ड स्टीलच्या जाड पट्टीत एम 6 चे, म्हणजे 6 मिमी बोल्टचे, आटे पाडत होता, निम्म्यात कट्कन वाजलं आणि टॅपचा तुकडा भोकातच राहिला. म्हणाला, "मामा, टॅप डुप्लिकेट निघाला." मी विचारलं ड्रिल कितीचं मारलंस, तर साडेचार मिमीचं, कारण त्याला कुणीतरी सांगितलेलं की भोक जरा बारीक ठेवलं की आटे भरीव पडतात आणि बोल्ट घट्ट बसतो. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

हिशोब सोपा आहे. बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करायचा. एम 6 चा पिच 1 मिमी, म्हणून ड्रिल 5 चं. एम 8 चा 1.25, ड्रिल 6.75 च्या जवळचं 6.8. एम 10 चा 1.5, ड्रिल 8.5. एवढ्या भोकात आट्याची उंची पूर्ण आट्याच्या मानाने साधारण 77 टक्के भरते आणि ती पुरते, कारण आट्याचं टोक पातळ असतं, ते फारसं वजन घेतच नाही. शिवाय सगळे आटे सारखं वजन उचलत नाहीत, पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश घेतो. म्हणजे साडेचारच्या भोकाने ताकद फारशी वाढली नाही, वाढली ती टॅपवरची पीळ. टॅपच्या दातांच्या मुळाशी व्यास साडेचारपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे दात कापत होते आणि मुळं नुसती धातूत रुतून घासत होती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टॅपला उभ्या खाचा असतात, त्यांना फ्लूट म्हणतात, आणि दोन फ्लूटच्या मधे दातांची रांग. दात पुढे सरकला की त्याच्या समोरचा धातू दबतो, एका तिरक्या पातळीवर घसरतो आणि चिप होऊन फ्लूटमधे वळत जातो. माइल्ड स्टील चिवट, त्याची चिप सहज तुटत नाही, लांब गुंडाळी होते, फ्लूट भरतो आणि मग टॅप जाम होतो. म्हणून जुने फिटर सांगतात, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पण पावच का? टॅप थांबवला तेव्हा चिपचं मूळ अजून भोकाच्या भिंतीला चिकटलेलं असतं, दाताच्या अगदी तोंडाशी. मागे फिरवलं की तो दात मूळ सोडून लांब जातो, पण फ्लूटच्या पलीकडे जी पुढची रांग आहे तिची पाठ फिरत फिरत त्या मुळावर येते आणि ते कापून टाकते. त्यासाठी पाठीला फ्लूटची रुंदी ओलांडावी लागते. चार फ्लूटच्या टॅपमधे रांग आणि फ्लूट मिळून 90 अंश, म्हणजे फ्लूट साधारण 45 अंशांचा, तीन फ्लूटच्या टॅपमधे 60 च्या आसपास. पाव फेरा म्हणजे 90, दोन्हीत पुरतो. आणि मागे घेताना हाताला जो बारीक "टक्" लागतो ना, ती चिप तुटल्याची खूण. तो लागला नाही तर अजून थोडं मागे घ्या. राखाडी बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, मात्र हे सगळं फारसं लागत नाही, त्यातल्या ग्रॅफाइटमुळे चिपचा भुगाच होतो, म्हणून कोल्हापूरकडे बिडाच्या कास्टिंगमधे कोरडाच टॅप मारतात. स्टीलला कटिंग ऑइल हवंच, ॲल्युमिनियमला रॉकेल चालतं.

सेटमधे तीन टॅप का, तेही यातच येतं. पहिल्या टॅपच्या टोकाचे सातआठ आटे उतरते घासलेले असतात. चार फ्लूट गुणिले आठ, म्हणजे 32 दात मिळून काम वाटून घेतात. एम 10 ला आट्याची उंची धरा 0.8 मिमी, तर एका दाताच्या वाट्याला जेमतेम 0.025 मिमी. शेवटच्या टॅपला असे दोनच उतरते आटे, आठ दात, वाटा 0.1 मिमी. तोच आधी घातला तर दातावर चौपट जाड काप येतो.

भाच्याची आजी म्हणाली शनिवारी लोखंडाला हात लावलास म्हणून मोडला. आजींचा मान ठेवून सांगतो, टॅपला वार कळत नाही, त्याला भोकाचा व्यास कळतो. तसंच सोनेरी कोटिंगचा टॅप मोडतच नाही असं जे विकणारे सांगतात त्यावरही जाऊ नका. ते टायटॅनियम नायट्राइड असतं, घर्षण कमी करतं हे खरं, पण तिरका धरलेला टॅप ते सरळ करत नाही. पहिले दोन आटे लागले की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून दोन बाजूंनी बघाच, आणि हँडल दोन्ही हातांनी सारखं फिरवा. एकाच बाजूला जोर दिला की टॅप वाकतो, आणि इतकं कडक स्टील वाकणं सहन करत नाही.

आता त्याची एम 3 ची भोकं राहिलीत. पिळाला सोसायची ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणून निम्म्या व्यासाचा एम 3 टॅप एम 6 च्या एक अष्टमांश पिळाला मोडतो. मनगटाला तेवढा जोर कळतसुद्धा नाही. त्याला मी मोठं हँडल बाजूला ठेवायला लावलंय, छोटं हँडल मधोमध चिमटीत धरायचं आणि नुसत्या बोटांनी फिरवायचं. ड्रिल अडीचचं.