कंबरदुखी, डिप्रेशन आणि ‘मानसिक’ नावाचा शिक्का

नागपूरच्या धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरनं मनोविकारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी दिली, की कंबरदुखीचा पेशंट विचारतो, “म्हणजे माझं दुखणं खोटं आहे काय?” हा संशय वैद्यकशास्त्रानंच पेरलेला आहे.

मेंदूकडून येणारे संदेशही वेदना कमी-जास्त करतात, ही मांडणी १९६५ ची. मग दुखेल या धास्तीनं वाकणंच सोडणं, दिवसभर पडून राहणं अशा सवयी मोडणारे वर्तनोपचार आले. घोळ झाला तो १९८० मध्ये. त्या वर्षीच्या मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात ‘सायकोजेनिक पेन’, म्हणजे मनातून उपजलेली वेदना, हे निदान आलं: शारीरिक कारण सापडत नाही, किंवा सापडलं तरी त्या मानानं वेदना फारच जास्त, आणि मागे काहीतरी मानसिक. आता ‘फारच जास्त’ ठरवायचं कुणी? ज्याची कंबर दुखत नाही त्यानं! १९८७ मध्ये ‘सायकोजेनिक’ शब्द काढला, १९९४ मध्ये नुसतं ‘पेन डिसऑर्डर’ उरलं, २०१३ मध्ये तेही स्वतंत्र निदान म्हणून गेलं. आपल्याकडे ‘मानसिक आहे’ हे वाक्य तेवढं टिकलं.

उलट बाजूला ‘मणक्यात गॅप’. हा शब्द कानावर पडला की माणूस निर्धास्त होतो, कारण फोटोत काहीतरी दिसलं. पण २०१५ च्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या होत्या.

डिप्रेशन ओळखणंही सोपं नाही. झोप उडणं, थकवा, कामात मन न लागणं हे डिप्रेशन आणि जुनाट दुखणं, दोन्हीकडे सारखंच. विचार आणि वर्तन बदलणारी थेरपी मुळात डिप्रेशनसाठी घडली, ऐंशीच्या दशकात ती वेदनेकडे वळली. जुनाट वेदनेवरच्या चाचण्यांच्या २०२० मधल्या मोठ्या आढाव्यात तिचा फायदा दिसला, पण लहानसा. तरीही २०२१ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेनं, ठोस कारणाशिवाय टिकून राहिलेल्या वेदनेसाठी, पॅरासिटामॉल नको म्हटलं आणि ही थेरपी विचारात घ्यायला सांगितलं.

२०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात तीन महिन्यांहून जास्त टिकणारी अशी वेदना हाच स्वतंत्र आजार आहे. मानसिक कारण सिद्ध करायची अट नाही. नागपुरात मात्र १८६४ च्या मनोरुग्णालयापाशी आपली बस अजून ‘पागलखाना चौका’त थांबते, आणि चिठ्ठी खिशातच राहते.