मुदत मे २०२८ ची: सरकारी मानसिक आरोग्यसेवेतील पैसा आणि मनुष्यबळ

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ मध्ये एक मुदत दडलेली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत प्रयत्न करावेत, असे ते कलम सांगते. कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला, त्यामुळे ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. ‘प्रयत्न करावेत’ ही शब्दरचना पुरेशी सैल आहे हे खरेच. पण मनोरुग्णांविषयीच्या १८५८ आणि १९१२ च्या ब्रिटिशकालीन कायद्यांचा रोख रुग्णाला कोणाच्या हुकमाने कोंडायचे आणि कोणाच्या हुकमाने सोडायचे, यावरच होता. उपचार करणारी माणसे किती असावीत, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता.

महाराष्ट्रातील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये त्याच काळाची देणगी आहेत. मंजूर खाटा येरवड्यात २,५४०, ठाण्यात १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५, अशा एकूण ५,६९५. ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला न्यायला हवे’ हे आपल्याकडे अजून थट्टेत बोलले जाते, ते या इमारतींच्या जरबेमुळेच. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या वाट्याला यांपैकी एकही आले नाही. या संस्थांमागचा मूळ हेतू राखणीचा होता. साहजिकच डॉक्टर मोजके आणि राखण करणारे अधिक, अशी त्यांची घडण झाली आणि पैशाचा हिशेबही खाटांवरच बेतला गेला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १०,००० खाटा होत्या. गरजेइतक्या खाटा बांधत बसलो तर पिढ्या जातील, हे उमगायला आणखी तीन दशके लागली. सत्तरच्या दशकात बंगळूरुजवळील साकलवाडा आणि हरियाणातील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतूनच उपचार देण्याचे प्रयोग झाले आणि त्यांच्या आधारावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. कार्यक्रम आला, पण त्याला साजेशी आर्थिक तरतूद आली नाही. बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. नवव्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी २८ कोटी रुपये ठेवले गेले आणि जिल्हे २७ झाले.

पैसा पुढे वाढला तो धक्क्यांमुळे. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर ठरवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण जागच्या जागी होरपळले. दहाव्या योजनेतील तरतूद १३९ कोटींवर गेली. मात्र तिचा बराचसा भाग जुन्या रुग्णालयांच्या आधुनिकीकरणासाठी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील विभागांसाठी होता. भिंतीला निविदा काढता येते, मानसोपचारतज्ज्ञाला काढता येत नाही.

जिल्हा कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असावेत, असे अपेक्षित आहे. व्यवहारात ही पदे बहुतांशी कंत्राटी असतात. ठरलेल्या वारी पथक ग्रामीण रुग्णालयात पोहोचते. ओसरीत बसलेले रुग्ण आणि नातेवाईक केसपेपर हातात धरून नावाची वाट पाहतात, आणि ज्या महिन्यात डॉक्टरांची जागा रिकामी असते, त्या महिन्यात ‘मागचेच चालू ठेवा’ एवढ्यावर गोळ्यांची पाकिटे हातात पडतात. खासगी व्यवसायात याच पदवीला कितीतरी अधिक मोल असताना वर्षागणिक नूतनीकरणाच्या आदेशावर कोण थांबेल? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची टंचाई तर त्याहून मोठी, कारण त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते आणि त्याच्या जागा थोड्या आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, तेव्हा नैराश्याची पहिली चाचपणी आशा सेविकांवर सोपवली. ती कल्पना चांगलीच होती. पण आशाताईंनी हेरलेल्या रुग्णाने पुढे जायचे ते याच अपुऱ्या पथकाकडे.

कायदा लागू झाल्यानंतरचे आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या स्वतंत्र शीर्षाखाली केंद्राने २०१८-१९ मध्ये ५० कोटी रुपये ठेवले. पुढच्याच वर्षी ते ४० कोटी झाले. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी सुमारे १,००० कोटी दिसतात, पण त्यातले ८५० कोटी बंगळूरुच्या निम्हान्स या एकाच संस्थेचे, ६४ कोटी आसाममधील तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेचे आणि ९० कोटी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस दूरध्वनी सेवेचे. जिल्हा पथकांचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येत असल्याने तो या बेरजेत दिसत नाही, आणि म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि तीनचे प्रमाण गाठायचे तर आणखी २७,००० लागतील, असे संसदीय स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले. एम.डी. मानसोपचार हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मे २०२८ च्या मोजणीत ज्यांना धरायचे, ते डॉक्टर २०२५ पर्यंत वर्गात येऊन बसलेले असायला हवे होते.