श्वानांच्या आतड्यांतील विषाणू

कुत्र्याच्या विष्ठेत विषाणू सापडला म्हणजे तो कुत्रा आजारी असतोच असे नाही. कोरोना, ॲस्ट्रो, कोबू आणि रोटा हे विषाणू जुलाब होणाऱ्या कुत्र्यांत सापडतात, तसे धडधाकट कुत्र्यांतही. श्वानांचा कोरोना १९७१ मध्ये जर्मनीतील लष्करी कुत्र्यांत प्रथम आढळला; कोविडचा विषाणू वेगळा. एकट्या कोरोनाने मोठे कुत्रे सहसा फारसे आजारी पडत नाही. पिल्लाला त्याच वेळी जंत किंवा दुसरा विषाणू असेल, तर मात्र प्रकरण चिघळते.

पार्वोची गोष्ट निराळी. १९७८ च्या सुमारास उद्भवलेला हा विषाणू दोनेक वर्षांत जगभर पोचला. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस तिथून शोषला जातो. कोरोना आणि रोटा त्यांच्या टोकांकडच्या पेशी मारतात. नव्या पेशी बुडाशी तयार होत असल्याने ती झीज भरून निघते. पार्वो घाव घालतो तो नेमका या बुडाशीच. शिवाय अस्थिमज्जा गाठून पांढऱ्या पेशीही घटवतो. मग उलट्या, उग्र वासाचे रक्ताचे जुलाब आणि शोष, म्हणजे शरीरातले पाणी घटणे. विषाणूवर थेट औषध सहसा हाताशी नसते. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके यांवर पिल्लू तगवावे लागते. उशीर जिवावर बेततो.

ठाणे आणि नवी मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीची पिल्ले आणि घरचे श्वान एकाच आवारात वावरतात. पार्वो विष्ठेतून पडतो, चपलांना चिकटून घरात येतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे घराबाहेर न पडलेले पिल्लूही सुरक्षित नसते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आधीची मात्रा निष्फळ करू शकतात, म्हणून शेवटची मात्रा चुकवणे सर्वांत महागात पडते.

दवाखान्यात विष्ठेचा बोळा द्रवात घोळवून त्याचे थेंब पट्टीवर टाकतात. दोन रेघा उमटल्या की पार्वो. एकच रेघ उमटली तरी लक्षणे असतील तर उपचार थांबवू नयेत, कारण विष्ठेतील विषाणूचे प्रमाण कमी-जास्त होत असते. जागा धुताना फिनाईलवर विसंबू नये. आधी घाण पूर्ण काढून, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे फरशी ओली ठेवावी.