धुकं, दलदल आणि बंद घर: ब्रिटिश डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांच्या माहोलामागचा इतिहास

लंडनचं ते फेमस धुकं, त्यात अर्धा तरी धूरच होता. घरोघरी दगडी कोळसा जळायचा, कारखान्यांचा धूर वेगळा, वरून थेम्सकाठची गार दमट हवा, आणि हिवाळ्यात वारा पडला की हे सगळं शहराच्या डोक्यावर बसून राहायचं, पिवळट, कधी तपकिरी, भर दुपारी दिवे लावावे लागतील इतकं दाट. डिसेंबरात तिथे सूर्य चारच्या आतच मावळतो हे वेगळंच. म्हणजे या कादंबऱ्यांतला जो माहोल आपल्याला एवढा आवडतो तो लेखकांना शोधायला कुठे जावं लागलं नाही, खिडकी उघडली की समोर होता. पण त्यांनी त्याला नुसतं शोभेला न ठेवता कामाला लावलं. धुकं असलं की साक्षीदाराला नीट दिसत नाही, बर्फ पडलं की बाहेरचा आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही, शिवाय पावलं उमटतात, आणि समुद्रकाठ असेल तर भरती-ओहोटीवरून खुनाची वेळ काढता येते. हवामान हाच पुरावा. माझ्या मते या प्रकाराची सगळी गोडी इथे आहे, खुनी कोण हे तर कुठल्याही देशातल्या पुस्तकात शेवटी कळतंच.

सुरुवात तशी पोलिसांपासून. लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस आले १८२९ मध्ये, पण साध्या कपड्यातले डिटेक्टिव्ह १८४२ मध्ये, तेही मोजून आठ जण. लोकांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता, साध्या वेशातला सरकारी माणूस म्हणजे हेरच की. डिकन्सला मात्र या मंडळींचं भारी कौतुक, आणि त्याच्या १८५२-५३ च्या ब्लीक हाऊसमध्ये पहिल्याच पानांवर नोव्हेंबरचं धुकं आणि पुढे इन्स्पेक्टर बकेट अशी जोडी आली. धुकं आणि डिटेक्टिव्ह एकाच पुस्तकात, पण तिथे धुकं कोर्टाच्या रखडलेल्या कारभारावर रोखलेलं आहे, तपासाशी त्याचा तसा संबंध नाही.

खरा धक्का बसला १८६० मध्ये. विल्टशायरच्या हद्दीवर रोड नावाचं गाव, तिथे सॅम्युअल केंट या फॅक्टरी इन्स्पेक्टरचं मोठं घर. २९ जूनच्या रात्री चार वर्षांचाही नसलेला त्याचा मुलगा सॅव्हिल मुलांच्या खोलीतून गायब झाला आणि सकाळी आवारातल्या संडासाच्या खड्ड्यात सापडला, गळा चिरलेला. दिवाणखान्याची खिडकी उघडी, पण बाहेरचं कुणी आल्याची खूण नाही, म्हणजे करणारा घरातलाच. बाप, पूर्वी याच घरात गव्हर्नेस असलेली आणि आता दुसरी बायको झालेली आई, पहिल्या बायकोची मुलं, नोकर-चाकर, सगळे एका छपराखाली आणि सगळ्यांवर संशय. स्कॉटलंड यार्डचा जॅक व्हिचर आला आणि त्याने नजर ठेवली ती धुण्याच्या यादीवर, कारण सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्सचे नाइटड्रेस जितके असायला हवेत त्यात एक कमी भरत होता. त्याने तिला अटक केली आणि देश खवळला. एका माळ्याच्या पोराने सभ्य घरातल्या मुलीवर आरोप करायचा, तिचे कपडे मोजायचे, हे लोकांना खुनापेक्षा जास्त लागलं. मुलगी सुटली, पेपरवाल्यांनी व्हिचरला धुऊन काढलं, तो १८६४ मध्ये नोकरीतून बाहेर पडला, आणि १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली. फाशी झाली होती ती माफ होऊन जन्मठेप झाली, वीस वर्षं आत काढून ती सुटली, ऑस्ट्रेलियात गेली आणि शंभर वर्षांची होऊन १९४४ मध्ये वारली. या कबुलीत सगळं खरं होतं का यावर लोक अजूनही भांडतात.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जी 'कंट्री हाऊस'वाली कादंबरी चालली तिचा साचा हा इथला आहे. विल्की कॉलिन्सने १८६८ च्या द मूनस्टोनमध्ये तो नाइटड्रेस आणि धुण्याची वही जवळजवळ तशीच उचलली, फक्त रक्ताच्या डागाच्या जागी दाराच्या ओल्या रंगाचा डाग आणला, आणि व्हिचरच्या जागी गुलाबांचं वेड असलेला सार्जंट कफ. हिरा आपल्याकडचा, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला, मूळचा सोमनाथच्या देवाचा असं कादंबरीत सांगितलंय. पण मला त्या हिऱ्यापेक्षा यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरची त्याने रंगवलेली रुतणारी वाळू जास्त भारी वाटते. ओहोटी संपून भरती सुरू व्हायची वेळ आली की ती वाळू वरून थरथरायला लागते, जे आत गेलं ते परत येत नाही, आणि तपासातली एक महत्त्वाची वस्तू नेमकी तिच्याच पोटात आहे. नुसतं भीतीदायक वर्णन म्हणून वाचायला गेलं तर तुम्ही पुरावा ओलांडून पुढे जाता, कॉलिन्स बेरकी माणूस होता.

मग होम्स. १८८७ ला पहिली कादंबरी आली तेव्हा फार काही गाजली नाही, १८९१ मध्ये स्ट्रँड मासिक सुरू झालं आणि त्यात दर महिन्याला एक पूर्ण गोष्ट यायला लागली तेव्हा धमाका झाला. स्टेशनावरच्या बुकस्टॉलचा जमाना होता तो, स्मिथ कंपनीने यूस्टन स्टेशनवर दुकान टाकलं होतं १८४८ ला (आपल्याकडे व्हीलर १८७७ ला अलाहाबादेत सुरू झालं, तेच ते व्हीलर ज्यांचे स्टॉल महाराष्ट्रातल्या स्टेशनांवरही उभे राहिले), त्यामुळे एका प्रवासात संपेल अशी गोष्ट लोकांना हवीच होती. आता होम्स म्हटलं की धुकं डोळ्यासमोर येतं, पण मूळ कथा वाचत गेलात तर धुकं मोजक्याच ठिकाणी आहे, बाकी ऊन, वारा, पाऊस सगळं आहे, ते धुकं नंतर सिनेमावाल्यांनी मशीन लावून सोडलं.

जिथे आहे तिथे मात्र काय आहे! १९०१ मध्ये होम्सचा लेखक कॉनन डॉयल नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरला गेला, प्रिन्सटाऊनच्या हॉटेलात उतरला, शेजारी जुना तुरुंग, आसपास माळरान, ग्रॅनाइटचे सुळके आणि पाय टाकला की आत घेणारी दलदल. बास्करव्हिल्सच्या कुत्र्याच्या गोष्टीत हे सगळं जसंच्या तसं उतरलंय, आणि शेवटच्या रात्री होम्स सगळा डाव मांडून बसलेला असताना दलदलीवरून धुक्याची भिंत सरकत येते. त्याच्या प्लॅनची वाट लावू शकेल अशी तीच एक गोष्ट होती, हे तो स्वतः बोलून दाखवतो. आता किती फुटांवर आलं, आता किती, असं ते धुकं एखाद्या पात्रासारखं चालत येतं.

गंमत म्हणजे पंधरा वर्षांनी त्याच माळरानावर, हेटॉरच्या एका हॉटेलात दोन आठवड्यांची सुट्टी काढून एका पोरीने आपलं पहिलं पुस्तक पूर्ण केलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, ती टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं द्यायच्या खोलीत कामाला होती, समोर कपाटात विषाच्या बाटल्या, गावात बेल्जियमचे निर्वासित. विष आणि बेल्जियन (डिटेक्टिव्ह प्वारो), दोन्ही पुस्तकात आले, आणि १९२० ला पुस्तक निघालं तेव्हा अगाथा ख्रिस्ती हे नाव लोकांना कळलं.

युद्धात ब्रिटनची सात लाखांवर माणसं गेली. त्यानंतर लोकांना असा मृत्यू वाचायला बरा वाटत होता की ज्याला कारण आहे, करणारा एकच आहे आणि शेवटी सापडतो, असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथांचे नियमच घालून दिले, भुयार एकापेक्षा जास्त नको वगैरे, १९३० मध्ये रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, नवीन मेंबरला कवटीवर हात ठेवून शपथ. पण या काळातली बरीच पुस्तकं मला कोरडीच वाटतात, टाइमटेबल आणि घराचा नकाशा, हवा म्हणून नाही. डोरोथी सेयर्स अपवाद. तिचा बाप चर्चचा रेक्टर, तिचं लहानपण पूर्व इंग्लंडच्या फेन्स भागाच्या कडेला गेलं, सतराव्या शतकात दलदल उपसून काढलेली ती सपाट जमीन, बांध फुटला की पाणीच पाणी. १९३४ च्या द नाइन टेलर्समध्ये बर्फात खड्ड्यात गेलेली गाडी, चर्चच्या घंटा, कालवे आणि शेवटी पूर, आणि यातली एकही गोष्ट फुकट आलेली नाही.

१९५२ हे साल तर अजब. मार्जरी अलिंगहॅमची धुक्याने भरलेल्या लंडनची कादंबरी, द टायगर इन द स्मोक, याच वर्षी निघाली. २५ नोव्हेंबरला ख्रिस्तीचं माउसट्रॅप हे नाटक लंडनला लागलं, बर्फात अडकलेलं गेस्टहाऊस आणि आत खुनी. आणि ५ डिसेंबरला खरं धुकं उतरलं, पाच दिवस हललं नाही. थिएटरात आत शिरलं, ऑपेराचा खेळ बंद करावा लागला कारण धुक्याने हॉलच भरून गेला होता. चार हजार माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज, नंतरच्या अभ्यासात आकडा बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला आणि लंडनचं ते धुकं हळूहळू इतिहासजमा झालं.

म्हणजे शहरातला माहोल कायद्याने संपवला. मग लेखक बाहेर पडले. पी. डी. जेम्स पूर्व किनाऱ्यावर गेली, ओसाड टेकाडं, अणुवीज केंद्र, समुद्राने खाल्लेली जमीन. कॉलिन डेक्स्टरने १९७५ पासून ऑक्सफर्ड धरलं, इयन रँकिनने १९८७ पासून एडिनबरा, टूरिस्टांना दिसणारं वेगळं आणि मागच्या गल्लीतलं वेगळं.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, धनंजय-छोटूत होम्स-वॉटसन दिसतातच, पण तिथे वेग आहे, पाठलाग आहे, हवेसाठी थांबायला वेळच नाही. खरं तर मुंबईचा जुलै आणि कोकणातली बंद पडलेली घाटवाट या कामाला झकास आहे, पण ते असो.

आता अडचण नवीन आहे. सीसीटीव्ही, मोबाईल, गाडीचा जीपीएस, संशयिताला एकटं पाडणार कसं? ॲन क्लीव्ह्सने २००६ च्या रेव्हन ब्लॅकपासून शेटलंड बेटं घेतली, ॲबरडीनहून रात्रभराची बोट, वादळ आलं की तीही बंद, आणि जूनमध्ये रात्री नीट अंधारच होत नाही त्यामुळे खुन्याचीही पंचाईत. आणि ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी ब्रिटिश लायब्ररीने विस्मरणात गेलेली जुनी पुस्तकं परत छापायला घेतली. त्यातलं जेफर्सन फार्जनचं १९३७ चं मिस्टरी इन व्हाइट, बर्फात अडकलेली ट्रेन आणि चहा मांडून ठेवलेलं रिकामं घर, २०१४ च्या ख्रिसमसला तुफान खपलं. लेखक जाऊन तेव्हा साठेक वर्षं झाली होती.