ईएसजीचा कागद डायरेक्टरच्याच टेबलावर का येतो? थोडी पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (लोखंड ओतकामाच्या कारखान्यात) परवा बसलो होतो. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडनं ईएसजीची प्रश्नावली आली होती, ई म्हणजे पर्यावरण (एन्व्हायर्नमेंट), एस म्हणजे समाज (सोशल), जी म्हणजे कारभार (गव्हर्नन्स): वीज किती जळते, पाणी कुठनं उचलता, जळकी वाळू कुठं टाकता, कंत्राटी पोरांचा पीएफ भरता का, बोर्डावर एखादी बाई आहे का, आणि शेवटच्या पानावर डायरेक्टरची सही. मालकांनी वरचं पान बघितलं आणि फाईल तशीच सेफ्टी ऑफिसरपुढं सरकवली, "हे तुझं, भरून टाक." आता त्या पोराला ना वीजबिल बघायला मिळतं ना कंत्राटदाराची चलनं, त्यानं काय करायचं? गेल्या वर्षीची उत्तरं उचलली आणि तारीख बदलली. मी या भागातल्या कारखान्यांची लायसन्स, कन्सेंट (प्रदूषण मंडळाची परवानगी), ऑडिट अशी कामं करतो आणि हे इतक्यांदा बघितलंय की शेवटी वाटलं, हा कागद डायरेक्टरच्याच टेबलावर का येतो याची मागची सगळी गोष्ट एकदा लिहून काढावी.

सुरुवात आपल्याच सांगली जिल्ह्यातनं करतो. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, निवडुंग आणि साप यापलीकडं तिथं काही नव्हतं, आणि 1910 साली तिथं नांगराचा कारखाना उभा राहिला. पण नुसता कारखाना नाही, कामगारांची घरं, पाणी, शाळा असं सगळं गावच वसवलं. तिकडं जमशेदपूरला टाटांनी 1912 मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला, कायद्यानं तो यायच्या कितीतरी आधी. हे वाचून आजही छाती भरून येते आणि यायलाच पाहिजे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळं मालकाच्या मनावर होतं. मालक मोठ्या मनाचा असला तर गाव सुखी, आणि उद्या पुढच्या पिढीनं वेगळं ठरवलं तर विचारणार कोण? गांधीजींची विश्वस्ताची कल्पनाही, म्हणजे मालकानं संपत्ती समाजाची म्हणून सांभाळावी ही, इथंच येऊन थांबते, विश्वस्त म्हटलं तर हिशेब मागणारा पण पाहिजे ना.

हिशेब मागायची सवय आपल्याकडं आली ती सहकारानं. साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यानं मांडवात बसून बघितलीय त्याला गव्हर्नन्स म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. सभासद अहवालाची प्रत गुंडाळून हातात धरतो, माईकसाठी भांडतो आणि चेअरमनला तोंडावर विचारतो की रिकव्हरी (उसातनं साखर निघायचं प्रमाण) का घटली, उसाचा दर कमी का. फक्त त्या सभेत प्रश्न दराचे असायचे, मळीचं पाणी कुठं सोडता हे क्वचितच कुणी विचारायचं, आणि ऊसतोड टोळीतल्या बायका पहाटे किती वाजता फडात उतरतात हे तर कुणीच नाही, कारण त्या सभासद नव्हत्या. माझ्या मते ई आणि एस नंतर बाहेरनं यावं लागलं त्याचं कारण हेच. 2019 साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, तेव्हा कुठं साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही आपल्या साखरेमागं कोण राबतं याचं उत्तर द्यायची वेळ आली.

पर्यावरणाचा कायदा तसा जुना आहे, पाण्याचा 1974 चा. त्यात कलम 47 आहे, गुन्हा कंपनीचा असला तरी कारभार ज्याच्या हातात तो जबाबदार, आणि डायरेक्टरच्या संमतीनं किंवा दुर्लक्षामुळं घडलं असेल तर तोही. कागदावर चांगलं, पण बोर्डरूमपर्यंत त्याची धग पोचली नाही. ती पोचली 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री, भोपाळला. त्या कारखान्यातली गॅस थंड ठेवायची यंत्रणा बंद होती, गॅस निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू नव्हता, गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता, आणि यातले काही निर्णय खर्च वाचवायचे म्हणून झालेले. हजारो माणसं गेली. मग 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि 1987 मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये एक बदल झाला जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कंपनी असेल तर ऑक्युपायर, म्हणजे कारखान्यासाठी कायद्यानं जबाबदार धरलेला माणूस, हा डायरेक्टरांपैकीच एक. त्याआधी मॅनेजरचं नाव टाकून मोकळं होता यायचं. कंपन्या याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1996 साली कोर्टानं सांगितलं की नाही, डायरेक्टरच. 2010 मध्ये भोपाळच्या कोर्टानं ज्यांना दोषी धरलं त्यात तिथल्या भारतीय कंपनीचे अध्यक्षसुद्धा होते, जे रोज कारखान्यात जाणारे नव्हते. आपापल्या कारखान्याचं लायसन्स काढून बघा, ऑक्युपायर म्हणून कुणाचं नाव आहे. अर्ध्या डायरेक्टर लोकांना मी विचारल्यावर ते आठवतं.

हा झाला ई आणि एस. जीची गोष्ट पैशाच्या वाटेनं आली. 1970 मध्ये मिल्टन फ्रीडमननं लिहिलं होतं की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियम पाळून नफा वाढवणं, आणि बराच काळ बोर्डांनी तेवढंच धरलं. इंग्लंडात मोठ्या कंपन्या अचानक बुडाल्या तेव्हा 1992 मध्ये कॅडबरी समितीचा अहवाल आला, आपल्याकडं कुमार मंगलम बिर्ला समिती आणि 2000 पासून सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) क्लॉज 49, म्हणजे लिस्टेड कंपन्यांच्या कारभाराचे नियम, स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटी वगैरे. सगळं आलं आणि तरी 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की खात्यातले हजारो कोटी रुपये मुळात नव्हतेच. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम गव्हर्नन्सचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, बोर्डावर नावाजलेले प्राध्यापक होते. कुणीही खोलात जाऊन विचारलं नव्हतं. त्याचे वळ 2013 च्या कंपनी कायद्यावर स्पष्ट दिसतात, कलम 166 म्हणतं डायरेक्टरनं भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित बघायचं. सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यावर खर्च करायचे नफ्यातले 2 टक्के सगळ्यांना तोंडपाठ आहेत, हे कलम मात्र फार कमी जणांनी वाचलंय, आणि खरं वजन याचं जास्त आहे, कारण 2 टक्के म्हणजे कमावल्यावर काय द्यायचं आणि 166 म्हणजे कमवायचं कसं.

ईएसजी हा शब्द 2004 चा, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं बँका आणि गुंतवणूकदारांनी मिळून काढलेल्या एका अहवालातनं रूढ झाला, 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वं जाहीर झाली. म्हणजे हा शब्द चळवळीतनं नाही, पैसे लावणाऱ्यांकडनं आलाय, त्यांना भीती होती की प्रदूषण, अपघात, फसवणूक यात आपले पैसे बुडतील. आपल्याकडं 2011 मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं, 2012 मध्ये सेबीनं पहिल्या 100 लिस्टेड कंपन्यांना अहवाल द्यायला लावला, मग 500, मग 1000. 2021 मध्ये त्याचं बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) झालं, 2022-23 पासून पहिल्या 1000 कंपन्यांना सक्तीचं, आणि 2023 मध्ये बीआरएसआर कोअर, म्हणजे ठरावीक आकडे बाहेरच्या माणसाकडनं तपासून घ्यायचे. या अहवालात जबाबदार डायरेक्टरचं निवेदन असतं, आणि धोरणावर देखरेख करणारा सगळ्यात वरचा माणूस कोण तेही लिहावं लागतं.

हवामानाचा भाग यात थोडा उशिरा आला. 2017 मध्ये टीसीएफडी नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं कंपन्यांना हवामानाच्या धोक्यांबद्दल काय काय सांगायचं ते ठरवून दिलं, आणि त्यात पहिला मुद्दा होता बोर्ड यावर लक्ष कसं ठेवतं. सांगलीकरांना हा धोका वेगळा समजवायला नको. हरिपूरची पेवं होती, जमिनीत खोल खोदलेली, वर्षानुवर्षं हळद त्यात टिकायची, कीड नाही काही नाही, वीज न लागणारं गोदाम. 2005 च्या पुराचं पाणी आत शिरलं आणि हळद कुजली, बरीचशी पेवं कायमची गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर होती, धोक्याची पातळी 45. त्या पुरानंतर विजेची पॅनेल रूम वरच्या मजल्यावर न्यायची की नाही हा ठराव किती बोर्डांनी केला? असले निर्णय सेफ्टी ऑफिसर घेऊ शकत नाही, पैसे मंजूर करणारा वर बसलाय.

आता लिस्टेड नसलेल्या कुपवाडच्या, पलूसच्या, साताऱ्याच्या कारखान्यांना हे का विचारतात? कारण मोठ्या कंपनीच्या कार्बन हिशेबात तिसरा कप्पा पुरवठादारांचा असतो. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसवर टनाला साधारण सहाशेच्या आसपास युनिट जातात, त्याचा कार्बन ओतीव मालाबरोबर (कास्टिंगबरोबर) गिऱ्हाइकाच्या खात्यात जातो. सेबीनं 2025 मध्ये पुरवठा साखळीचा भाग ऐच्छिक करून जरा सैल सोडलंय, पण युरोपनं लोखंड-स्टीलच्या बऱ्याच मालावरचा सीमा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून लागू केलाय, त्यामुळं प्रश्नावल्या काही थांबत नाहीत.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे जी कुणी वाचतच नाही. बीआरएसआर कोअरमध्ये मोठ्या कंपनीला हेही सांगावं लागतं की पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांनी चुकती केली, लहान उद्योगांकडनं किती माल घेतला आणि लहान गावांत किती पगार वाटला. त्या फौंड्रीच्या मालकांना मी गिऱ्हाइकाच्या वार्षिक अहवालातलं ते पान काढून दाखवलं. त्यांची बिलं 120 दिवस अडकलेली होती. त्यांनी आकडा दोनदा वाचला, सेफ्टी ऑफिसरकडनं फाईल परत मागवून घेतली आणि वीजबिलं आणायला अकाउंट्समध्ये माणूस पाठवला.